धागा: चौघं, ३१ फुटी शिडाची बोट, मुंबई ते मालवण

खाडीकाठ

मंडळी, जानेवारीत आम्ही चौघं शिडाच्या बोटीने मुंबईहून मालवणला गेलो. लिहीन लिहीन म्हणत महिना गेला, कारण त्यातली एक गोष्ट कशी सांगावी कळत नव्हतं. तीही खाली लिहिली आहे. ज्यांना असा प्रवास करायचा असेल त्यांनी बाकी काही नाही वाचलं तरी दुसऱ्या दिवसाचं नक्की वाचा.

बोट मामांची, म्हणजे बायकोच्या मामांची. मामा तीसेक वर्षं व्यापारी जहाजांवर होते, आता ६४ चे आहेत. ते, मी, बायको, आणि थळचा एक दादा, कोळी, बापाच्या बोटीवर लहानाचा मोठा झालेला. बोट पाण्याखाली १.६ मीटर बुडते, एक मेनसेल म्हणजे मुख्य शीड, पुढे गुंडाळता येणारा जिब म्हणजे छोटं शीड, आणि २० घोड्यांचं डिझेल इंजिन. अंतर म्हणाल तर सरळ हिशोब आहे, अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, मुंबई १८ अंश ५५ मिनिटं, मालवण १६ अंश ३, किनारा थोडा पूर्वेला सरकतो ते धरून १८० ते १९० मैल. पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच नॉटिकल मैल, रोज सहा-आठ तास चाललो तर सहज होतं. हे कागदावर.

निघायचा दिवस मामांनी सुट्टी बघून नाही तर तिथी बघून ठरवला. कृष्ण अष्टमी. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ येते, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला पूर्ण भरती आणि तिथून पुढे सहा तास पाणी बंदरातून बाहेर पडतं, आपल्यालाही घेऊन जातं. शिवाय अष्टमीला भांग असतो, पाण्याला उधाणाची ओढ नसते. उधाणाला मुंबईत पाणी चार-साडेचार मीटर चढतं उतरतं, खाली मालवणकडे ते साधारण निम्म्यावर येतं, आणि जसजसं दक्षिणेला जावं तशी भरती मुंबईच्या आधी लागते हेही लक्षात ठेवा नाहीतर पाऊणपटीचा हिशोब चुकतो.

वाऱ्याचं वेळापत्रक शाळेच्या भूगोलातलंच आहे. पहाटे जमिनीवरून मतलई वारा, गार, सरळ, समुद्र ताटासारखा सपाट. दहा-अकराला तो मरतो. मग तास-दीड तास शिडं नुसती फडफडतात. दुपारी खारा वारा वायव्येकडून उठतो आणि तीनपर्यंत बारा-पंधरा नॉट होतो, दक्षिणेला जाताना तो मागून उजवीकडून मिळतो. म्हणून मामांचा नियम एकच, अंधार असताना नांगर उचलायचा आणि उजेड असताना टाकायचा.

पहिल्या दिवशी तसंच झालं. गेटवेच्या समोरून सहाला निघालो, नऊच्या पुढे खांदेरी डावीकडे. दादा म्हणाला आमच्या थळच्या समोरच आहे, आमच्यासाठी घरचं अंगण. १६७९ साली महाराजांनी हे बेट बांधायला घेतलं तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजं वेढा घालून बसली होती आणि मराठ्यांची उथळ गलबतं रात्री किनाऱ्याच्या कडेकडेने रसद पोचवत होती, हे वाचलेलं होतं. पण तिथे डेप्थ साउंडरवर, म्हणजे पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्रावर, आकडे भराभर खाली येताना बघितले तेव्हा कळलं की मोठ्या जहाजाच्या कप्तानाला रात्री इथे आत शिरायची भीती का वाटली असेल. आम्हालाही १.६ मीटरसाठी वाटली, आम्ही बाहेरूनच गेलो.

दोन-अडीचला राजपुरीच्या खाडीत. जंजिऱ्याला पर्यटक नेणाऱ्या शिडाच्या होड्या तुम्ही पाहिल्या असतील, त्यात बसलाही असाल. मी त्या पहिल्यांदा दुसऱ्या बोटीवरून बघितल्या. माणसांनी भरलेली होडी, इंजिन बंद, किल्ल्याच्या दरवाज्याशी येताना शीड नेमक्या क्षणी सोडायचं आणि उरलेल्या वेगावर पायरीला हळूच टेकायचं. मामा दुर्बीण घेऊन अर्धा तास तेच बघत होते. म्हणाले, मला हे तीस वर्षांत जमलं नसतं.

दुसरा दिवस. मुरुड ते हर्णै, ३० मैल. मामांचं म्हणणं पाचला निघू. मी म्हटलं जंजिरा आतून बघून जाऊ, पहिली होडी सुटली की लगेच जाऊन येऊ, परत कधी येणार. त्यांनी माझं ऐकलं. निघायला साडेअकरा झाले. मतलई संपलेला, खारा वारा त्या दिवशी आलाच उशिरा आणि आला तोही सात-आठ नॉटचा. श्रीवर्धन, हरिहरेश्वर मागे पडलं, बाणकोटच्या तोंडावर सूर्य खाली आला, केळशीच्या समोर पूर्ण अंधार. नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार. समोर हर्णैच्या बाजूचे बोटींचे दिवे दिसायला लागले तेव्हा मी खूश होतो की आता तासाभराचं काम. इंजिन चालू केलं होतं. पावणेआठला खालून एक घरघर आली, बोट थरथरली आणि इंजिन बंद.

जाळं. बोटीखालच्या इंजिनाच्या पंख्यात. वर दिवा नव्हता, पण दुसऱ्या दिवशी कळलं की काळं फडकं लावलेला बांबू होता, दिवसा तो अर्ध्या मैलावरून दिसला असता.

मामांनी आधी किल्ली काढून खिशात घातली, म्हणजे कोणी चुकूनही इंजिन चालू करणार नाही. शिडं उतरवली. दादाने कमरेला दोर बांधला, दातात सुरी धरली आणि पाण्यात उतरला. मी टॉर्च धरून वाकलो होतो. त्याचा हात हलला की पाण्यात निळे कण पेटायचे, त्याच उजेडात मला त्याचा हात जास्त स्पष्ट दिसत होता. तो वर येऊन श्वास घ्यायचा, परत खाली. नायलॉन फिरून फिरून गरम होऊन वितळलं होतं आणि शाफ्टवर त्याची काळी बांगडी झाली होती, दगडासारखी घट्ट. सुरी सरकत नव्हती. पंचवीस मिनिटं गेली. तेवढ्यात एक मासेमारी बोट आली. जाळं त्यांचंच.

तांडेल, म्हणजे त्या बोटीचा प्रमुख, पन्नाशीचा. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार, आणि ते रास्तच होतं. त्याने टॉर्च मारून पंखा बघितला, आमच्या दादाला विचारलं कुठला, थळचा म्हटल्यावर मान हलवली आणि आपल्या पोराला उतरवलं. दोघांनी मिळून कानस आणि सुरीने बांगडी कापली. मग आम्हाला दोर लावून हर्णैच्या आडोशाला आणून सोडलं. पैसे विचारले तर म्हणाला सकाळी बघू. सकाळी वाळूवर त्याने फाटलेलं जाळं पसरलं होतं. मी ते बघितलं आणि मला बोलता येईना.

पुढचं सावकाश लिहितो. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग सगळं चांगलं झालं. बोट सध्या मालवणजवळ सर्जेकोटला आहे, मार्चमध्ये परत आणायची आहे.

सोनचाफा

किती छान लिहिलंय. सुवर्णदुर्ग बघायला मिळाला का मग? आणि ताईंनी पण लिहावं ना. बोटीवर एवढ्या लहान जागेत सात-आठ दिवस, स्वयंपाक, झोप, संडास, हे कसं जमवलं ते बायकांना विचारायचं असतं पण कोणी सांगत नाही.

कुळीथ_पिठी

मीच ती ताई. नवऱ्याने बोलावलं म्हणून आयडी काढला.

आधी जागेचं. पुढे एक त्रिकोणी पलंग, तो मामांचा, मधे दोन बाकं आणि मागे एक घुसायची जागा, तिथे दादा. संडास आहे, पडदा नाही दार आहे, पंप हाताने मारायचा. पहिले दोन दिवस अवघड वाटतं मग सगळ्यांची सवय होते, कोण कधी उठतो ते कळतं आणि माणसं आपोआप वर कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत, जातात. गोडं पाणी २०० लिटर नेलं होतं. आंघोळ समुद्राच्या पाण्याने, शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा.

स्वयंपाक एका शेगडीवर, ती झोपाळ्यासारखी टांगलेली असते, बोट कलली की ती सरळ राहते. तरी मी पातेलं अर्ध्याच्या वर कधी भरलं नाही. घरून कुळथाचं पीठ नेलं होतं भाजून, त्याच्यासारखं बोटीवर दुसरं काही नाही. तेलात लसूण, मिरची, पाणी, दोन आमसुलं, वरून पीठ सोडत ढवळायचं, दहा मिनिटांत पिठी. भात सकाळीच करून ठेवायचा. ज्या रात्री जाळं अडकलं त्या रात्री अकराला मी पिठी केली आणि त्या दुसऱ्या बोटीवरच्या चौघांनाही दिली, वाटीतून वाटीतून पलीकडे. त्या तांडेलांनी पहिला घोट घेतला आणि विचारलं, आमसूल कुठलं. एवढंच. मला अजून ते आठवलं की भरून येतं.

सुकाणू मी रोज तीन तास धरायचे. वारा मागून असताना खरं जपून राहायचं, दिशा थोडी चुकली तर शिडाची आडवी काठी एका बाजूची दुसऱ्या बाजूला फटकन येते, डोक्याच्या उंचीवर. मामांनी ती दोराने बांधूनच ठेवली होती. आणि लाइफ जॅकेट झोपताना सोडून सतत अंगावर, यावर वाद नाही.

सुवर्णदुर्ग हो, दुरुस्तीला एक दिवस थांबलो तेव्हा होडीने जवळून फेरी मारली. संध्याकाळी वाळूवरचा लिलाव बघितला, बैलगाड्या पाण्यात उभ्या.

अक्षांश१८

मस्त. एक शंका. नौदलाच्या तारिणी या शिडाच्या बोटीवर दोन महिला अधिकाऱ्यांनी २०२४-२५ मध्ये सगळ्या जगाला फेरी मारली, गोव्याहून निघून गोव्याला परत, आठ महिने, दोघीच. त्याआधी २०१७-१८ मध्ये सहा जणींनी. म्हणजे छोटा क्रू रात्रंदिवस बोट चालवू शकतो. मग तुम्ही चौघं असून रोज नांगर का टाकत होतात? पाळ्या लावून दोन दिवसांत मालवण झालं असतं.

खाडीकाठ

मामांना विचारून लिहितो. खोल समुद्रात रात्री आदळायला काही नसतं, एक माणूस जागा राहिला तर पुरतं. किनाऱ्यापासून पाच-सात मैलांवर सगळंच असतं, डोल जाळ्यांचे खुंट, गिलनेट, दिवे नसलेल्या छोट्या होड्या, दाभोळ-जयगडला येणारी मोठी जहाजं. रात्री करायचंच तर २० मैल बाहेर जाऊन करा. पण मग कोकण दिसतच नाही, आणि आम्ही गेलो होतो ते कोकण बघायला. बारापैकी चार जलदुर्ग या एका वाटेवर आहेत, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे मराठा किल्ले आले त्यातले म्हणतोय मी, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. ते रात्रीचे ओलांडून काय करू.

हर्णैकर

मी हर्णैचाच. धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो. तुम्ही मान्य केलंत म्हणून लिहितो, नाहीतर लिहिलं नसतं.

जाळं फाटलं की लोक म्हणतात भरपाई देऊ, विषय संपला. संपत नाही. जाळं विणायला, दुरुस्त करायला माणूस बसतो, त्या दिवसांचा मासा जातो, डिझेल आणि बर्फ उधारीवर आणलेला असतो तो तसाच अंगावर राहतो. १ जून ते ३१ जुलै बंदी, त्याच्या पुढेमागे वादळवारा, हातात दिवस किती उरतात ते मोजा. त्यातला एक दिवस तुमच्या जंजिऱ्याच्या फेरीत गेला. रागाने लिहीत नाही, पण लिहिणं गरजेचं आहे.

दुसरं, दिवा का नव्हता म्हणाल तर लावतो आम्ही, बॅटरीचा लुकलुकता, पाणी जाऊन बंद पडतो, चोरीला पण जातो. बांबूला काळं फडकं म्हणजे जाळ्याचं टोक. दोन फडकी दिसली तर त्यांच्या मधून कधी जाऊ नका, बाहेरून वळसा घाला. आणि संध्याकाळी पाचनंतर आमच्या बोटी जाळी टाकायला निघतात, त्यांचा रोख बघा म्हणजे कुठे टाकणार ते कळतं.

खाडीकाठ

दादा, तुमचं प्रत्येक वाक्य बरोबर आहे. जंजिऱ्याचा हट्ट माझा होता हे मी तांडेलकाकांना वाळूवर उभं राहून सांगितलं. जाळ्याच्या दोन तुकड्यांचे पैसे त्यांनी सांगितले तेवढे दिले, बुडालेल्या दिवसाचे घ्यायला ते तयार नव्हते, मामांनी त्यांच्या मुलाच्या हातात ठेवले. त्या दिवशी दुपारभर आम्ही दोघं त्यांच्याबरोबर जाळं शिवायला बसलो, मला सुई धरता येईना पण बायकोला येत होतं. त्यांनीच आम्हाला पुढच्या सगळ्या बंदरांची माहिती दिली. दाभोळच्या तोंडावर वाळूचा पट्टा आहे, ओहोटीला वारा समोरून असला की तिथे लाटा फुटतात, आत शिरू नका, सरळ जयगड गाठा. जयगडला आत जा आणि मोठ्या जहाजांच्या वाटेपासून लांब नांगर टाका. हे चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, इतक्या सोप्या भाषेत नाही.

फडक्यांचं तुम्ही लिहिलंत ते मी कागदावर उतरवून सुकाणूजवळ चिकटवणार आहे.

पडाव

वय ७८. लहानपण विजयदुर्गला. आगबोट आली की लांब उभी राहायची आणि पडाव घेऊन खलाशी जायचे, माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, बाळंतीण सुद्धा, सगळं पडावातून. माझी आई मला पोटाशी धरून लाटेचा अंदाज घेऊन उडी मारायची, खलाशी दोन्ही हात पुढे करून उभा. तो हात अजून आठवतो. याच कोकण किनाऱ्यावर, वर मुंबईजवळ, १७ जुलै १९४७ ला रामदास बोट बुडाली, मुंबईहून रेवसला जाताना, सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्याकडे घराघरात ते नाव निघालं की बोलणं थांबायचं. तुम्ही जानेवारीत गेलात, तिथी बघून गेलात, हे वाचून बरं वाटलं.

विजयदुर्गला कुठे थांबलात? आणि किल्ल्याच्या पश्चिमेकडून गेलात का?

खाडीकाठ

काका, नमस्कार. विजयदुर्गला आम्ही मुद्दाम दोन रात्री राहिलो. किल्ल्याला वळसा घालताना मामांनी बोट पश्चिमेला बरीच लांब ठेवली, त्या बाजूला पाण्याखाली बांधलेली भिंत आहे, तिथे समुद्रविज्ञानवाल्यांनी पाहणी केलेली आहे आणि गावातही सगळे सांगतात. मग वाघोटनच्या खाडीत आत. त्यासारखी जागा अख्ख्या वाटेवर नाही. बाहेर खारा वारा पंधरा नॉटचा आणि आत वळल्यावर पाच मिनिटांत पाणी तेलासारखं. तळाला चिखल, नांगर एकदा रुतला की रुतला. आंग्र्यांनी आरमार इथे का ठेवलं ते कुठल्याही पुस्तकापेक्षा तिथे नांगर टाकून कळतं. १७५६ ला इंग्रजांनी आणि पेशव्यांनी मिळून हे बंदर घेतलं आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार याच पाण्यात जळालं. मामा रात्री कॉकपिटमध्ये बसून म्हणाले, आपणच जाळलं. मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

नांगराचा हिशोब पण देऊन ठेवतो, कोणीतरी विचारेल. ओहोटीला खोली ४ मीटर, भरतीचं २, पाण्यापासून बोटीच्या नाकापर्यंत १, झाले ७. त्याच्या पाचपट साखळी, ३५ मीटर. ओहोटीला दिसणारी खोली धरून साखळी सोडली की रात्री भरतीला बोट घसरते.

नवशिका_सेलर

परवानगी काय लागते? आणि हे शिकायचं कुठे?

खाडीकाठ

बोटीची नोंदणी, विमा, सगळ्यांची ओळखपत्रं, व्हीएचएफ रेडिओचा परवाना, हे फायलीत. निघण्याआधी मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे नावं, मार्ग, थांबे लेखी दिले आणि जिथे थांबलो तिथे जाऊन सांगितलं. एका बंदरावर दोन तास बसवून ठेवलं, पण २६/११ नंतर तपासणी होणारच आणि व्हायलाच हवी, तेवढा वेळ धरून चला. तटरक्षक दलाचा १५५४ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय अजिबात नेऊ नका. शिकायचं तर मुंबईत सेलिंग क्लब आहेत, छोट्या डिंगीपासून सुरू करा. दोन हंगाम डिंगीत भिजल्याशिवाय मोठ्या बोटीचं सुकाणू मागू नका, हे मामांचं मत आणि आता माझंही.

मालवणी_गजाल

सर्जेकोटाक ठेवलात ता बरां केलात. मालवणात किल्ल्याच्या आतसून येवक बघणारे खूप जण खडकार बसले हत, थयसर पाण्याखाली खडपा किती आसत ती आमकाच म्हायत. दिवसाचा येवचा आणि गावातलो माणूस घेवनच येवचा. परत कधी जातलास? मार्चात वायव्येचो जोर वाढता, नाकासमोर येतलो.

खाडीकाठ

हो, तीच काळजी आहे. वारा नाकासमोर म्हणजे नागमोडी जावं लागणार, ३० मैलांचे ४५ होणार. मामांचं म्हणणं पहाटे दोनला उठून मतलई जेवढा मिळेल तेवढा वापरायचा, तो जमिनीवरून येतो त्यामुळे उत्तरेलाही तेवढाच कामाचा, आणि अकराला जे बंदर समोर असेल तिथे थांबायचं. पण दोन ते सहा अंधार. जाळ्यांचं काय करायचं ते अजून ठरत नाही.

हर्णैकर

शुद्ध प्रतिपदेपासून अष्टमीपर्यंतचे दिवस धरू नका, त्यात तुम्हाला पहाटे चंद्र नाही, मावळलेला असतो. वद्य पंचमी ते दशमी धरा, पहाटे चंद्र वर असतो आणि पाण्याची ओढ पण कमी. बाणकोट ते दाभोळ दरम्यान असाल तेव्हा आदल्या संध्याकाळी मला इथे मेसेज टाका. कोणाची जाळी कुठे आहेत ते मी बंदरावर विचारून सांगतो.

खाडीकाठ

फाल्गुन वद्य पंचमीला सर्जेकोटहून निघतो. हर्णैला पोचायला पाच-सहा दिवस लागतील. मेसेज नक्की टाकतो. तांडेलकाकांना सांगा, आमसुलं घेऊन येतोय, आचऱ्याची.